गळकी टाकी

आज आपण गाडीच्या टाकीविषयी बोलू. पेट्रोलची टाकी, डिझेलची टाकी. ती गळू लागली तर काय करावे, हे सांगणार आहोत. काय करू नये, ते त्याहून अगत्याने सांगणार आहोत. टाकी गळते तेव्हा पैसा जातो. टाकी दुरुस्त करताना चुकले तर माणूस जातो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली गाडी? पण गावात नजर फिरवून बघा. कुणाच्या दारात जुना ट्रॅक्टर आहे. कुणाकडे बापाने वापरलेली फटफटी आहे. बाजाराच्या दिवशी माणसे नेणारी जीप आहे. विहिरीवर पाणी उपसायचे इंजिन आहे, त्यालाही टाकी असतेच. ज्याच्या घरी यातले काही नाही, तो यातल्या कशात तरी बसून तालुक्याला जातो. म्हणून हे सगळ्यांनी ऐकावे. बायाबापड्यांनीही ऐकावे, कारण पेट्रोलच्या वाफेची गाठ पुष्कळदा चुलीशी पडते. ते पुढे येईल.

उदाहरणाला आपण जुनी जीप घेऊ. ही गाडी मूळची लढाईची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज कंपनीने आणि फोर्ड कंपनीने अशा लाखो जीपा बनवल्या. लढाई संपल्यावर महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे ती आपल्याकडेच बनू लागली, आणि डोंगरातल्या वाटांवर तिने पुष्कळ वर्षे चाकरी केली. त्या घडणीच्या जुन्या गाड्या अजून कुठे कुठे दिसतात.

या जुन्या जीपची टाकी असते कुठे? ड्रायव्हरच्या बैठकीखाली. ड्रायव्हर टाकीवरच बसतो म्हणा ना! लढाईतल्या जीपच्या टाकीत सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावत असे. एवढे पेट्रोल खाली घेऊन माणूस बसतो, आणि बसल्या बसल्या विडी पेटवतो. आपल्या लोकांच्या धाडसाची कमाल आहे.

ही टाकी ठेवायला तळाला परातीसारखी खोलगट जागा केलेली असते. पावसाचे पाणी तिथे साचते. चिखल साचतो. पाणी निघून जावे म्हणून परातीला भोके ठेवलेली असतात, पण चिखल वाळला की ती बुजतात. मग टाकीचा तळ पाण्यात उभा राहतो. टाकी हलू नये म्हणून वरून पत्र्याचे पट्टे आवळलेले असतात. पट्टा आणि टाकी यांच्या मध्ये ओल धरून राहते. तिथेही गंज चढतो.

हे झाले बाहेरचे पाणी. आतले पाणी त्याहून खोडसाळ. टाकी अर्धी रिकामी असली, की रिकाम्या जागेत हवा असते. हवेत ओल असते. रात्री पत्रा गार पडतो. पहाटे गवतावर दव पडते ना, तसेच दव टाकीच्या आतल्या अंगाला धरते. थेंब ओघळून खाली जातात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. डिझेल थोडे जड, तरी पाण्याहून हलकेच. म्हणून पाणी तळाला जाते आणि पेट्रोल त्याच्यावर तरंगते. गाडी महिना महिना उभी राहिली, की ते पाणी तळाशी बसून पत्रा खाते. टाकीला भोक बहुधा तळालाच का पडते, याचे कारण हे.

म्हणून ट्रॅक्टरवाल्यांना सांगतात, की टाकी सकाळी भरू नका, संध्याकाळी काम संपल्यावर भरा. टाकी भरलेली असली की रात्री दव धरायला जागाच उरत नाही. डिझेल तेवढेच लागते. फक्त भरायची वेळ बदलायची.

आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात इथेनॉल मिसळतात. इथेनॉल म्हणजे उसापासून, धान्यापासून काढलेले मद्यार्क. शंभर भागांत वीस भाग मद्यार्क असलेले पेट्रोल आपल्या देशात २०२३ साली विकायला सुरुवात झाली, आणि २०२५ सालापर्यंत ते देशभर पसरले. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, ते आम्हाला मान्य. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या पेट्रोलासाठी केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ होतात, मग चिरतात. शिवाय मद्यार्काला पाण्याची भारी ओढ. टाकीत पाणी जास्त झाले, की मद्यार्क पेट्रोलाची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. जुन्या गाडीला गळती लागली, तर टाकीला दोष देण्याआधी नळ्या तपासाव्या, असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

आमच्या कामाची एक जुनी जीप होती. गावोगावच्या वर्गांना पुस्तके आणि फळे पोचवायला ती लागे. फळे म्हणजे लिहायचे, खायचे नव्हेत! एका पावसाळ्यानंतर गाडीजवळ गेले की पेट्रोलचा वास येऊ लागला. खाली जमिनीवर ओल मात्र दिसेना. डिझेल सांडले तर तेलकट डाग राहतो, त्यावर धूळ बसते, चटकन कळते. पेट्रोल पडले की उडून जाते. नाकाला कळते, डोळ्याला कळत नाही.

थेंब थेंब गळते, त्याचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळला तर मिनिटाला ६० थेंब. तासाला ३,६०० थेंब. दिवसरात्रीत ८६,४०० थेंब. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान असतो. तरी हे दीड लिटरच्या वर भरते. पंपावर दीड लिटरला काय पडते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर गळती शोधायची. कशी शोधायची?

पहिली गोष्ट. काडी ओढून बघायचे नाही. कंदील न्यायचा नाही. चिमणी न्यायची नाही. सूर्याच्या उजेडात बघायचे. गाडी घरात, गोठ्यात, पडवीत असेल तर ढकलून उघड्यावर आणायची. चालू करून आणायची नाही. ढकलायची.

दुसरी गोष्ट. गळती किती उंचीवर आहे, ते टाकी स्वतःच सांगते. टाकी काठोकाठ भरली तरच गळते, एरवी गळत नाही, असे असेल तर भोक वर आहे. म्हणजे तोंडाशी, किंवा तोंडाच्या रबरी नळीला, किंवा तेलाचा काटा जिथे बसवलेला असतो तिथे. टाकी अर्धी झाली की गळायचे थांबते, असे असेल तर भोक मध्यावर आहे. शेवटच्या लिटरपर्यंत गळत राहते, तर भोक तळाला आहे. उभ्या गाडीत काही नाही आणि इंजिन चालू असताना गळते, असे असेल तर बहुधा टाकी निर्दोष आहे. पुढची नळी किंवा पंप बघा.

तिसरी गोष्ट. थेंब जिथे पडतो, तिथे भोक असतेच असे नाही. तेल पत्र्याच्या अंगावरून वाहत जाते आणि सोयीच्या जागी खाली पडते. छपराचे गळणे तसेच असते. कौल फुटते एकीकडे, पाणी टपकते दुसरीकडे. म्हणून टाकीचा बाहेरचा भाग फडक्याने स्वच्छ पुसावा आणि वाळू द्यावा. मग खडूची बारीक पूड त्यावर भुरभुरावी. जिथून तेल येते तिथून पूड ओली होत खाली रेघ उमटते. त्या रेघेचे वरचे टोक म्हणजे भोक.

आमच्या जीपला अशी रेघ उमटली. टाकीच्या मागच्या कोपऱ्याला, तळापासून बोटभर उंचीवर, सांध्यापाशी. भोक दिसत नव्हते. सुईच्या अग्राएवढेही नसेल.

गाडी एका गॅरेजात ढकलत नेली. तिथला मिस्त्री कामाला चांगला माणूस. त्याने टाकी बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "पेट्रोल काढून टाका. टाकी रिकामी करून द्या. वेल्डिंगचा एक टाका मारतो. दोन मिनिटांचे काम."

आम्ही नको म्हटले. तो हसला. म्हणाला, "रिकामी टाकी कशी पेटेल? आत काय आहे पेटायला?"

मंडळी, हा प्रश्न नीट समजून घ्या. हा प्रश्न पुष्कळांना पडतो आणि याच प्रश्नाने माणसे मारली आहेत. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत रिकाम्या टाक्या आणि रिकामी पिंपे फुटून कारागीर मेले आहेत, आंधळे झाले आहेत. असे अपघात पुन्हा पुन्हा होतात, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालेले असते, "टाकी तर रिकामी होती."

पेट्रोल स्वतः जळत नाही. जळते ती त्याची वाफ. आणि वाफसुद्धा एकटी जळत नाही. तिला हवा लागते. चुलीत नुसती लाकडे कोंबली आणि हवेला वाट ठेवली नाही, तर चूल धुमसते. फुंकणीने फुंकले की भडकते. तसेच हे आहे. शंभर भाग हवेत पेट्रोलची वाफ दीड भागाहून कमी असेल तर पेट घेत नाही. साडेसात भागांहून जास्त असेल तरी घेत नाही. या दोहोंच्या मध्ये असली, तर एक ठिणगी पुरते.

आता भरलेली टाकी बघा. आत पेट्रोल आहे, पण हवेला जागा थोडी. जी जागा आहे ती वाफेने गच्च भरलेली. रिकामी टाकी बघा. आत हवा भरपूर, आणि तळाशी, कोपऱ्यात, सांध्यात, गंजाच्या पापुद्र्यात राहिलेले पेट्रोल. किती पेट्रोल पुरते? ४० लिटरच्या टाकीला चहाचा एक चमचा पुरतो. एका चमच्याची वाफ होऊन टाकीभर पसरली, की बरोबर पेटण्याजोगे मिश्रण तयार होते. चारी बाजूंनी बंद पत्रा, आत ते मिश्रण, आणि वरून वेल्डिंगची ठिणगी. बाँब याहून वेगळा काय असतो?

आणि वाफ व्हायला ऊनही लागत नाही. बर्फ गोठतो त्याहून पुष्कळ जास्त थंडीतसुद्धा पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ होते. आपल्याकडच्या उन्हाळ्याची गोष्टच सोडा.

डिझेलवाले म्हणतील, आमचे डिझेल काडीने पेटत नाही. खरे आहे. थंड डिझेलची वाफ कमी होते. पण वेल्डिंगने पत्रा लाल होतो. तळाशी राहिलेले डिझेल तापते, त्याची वाफ होते, आणि मग डिझेलची टाकीही तशीच फुटते. ट्रॅक्टरची टाकी, डिझेलचे पिंप, रॉकेलचा डबा, सगळ्यांना हाच नियम.

नाकावरही भरवसा ठेवू नका. पेट्रोलच्या वासाला नाक थोड्या वेळात सरावते. "आता वास येत नाही" म्हणजे "आता वाफ नाही" असे होत नाही.

मग आम्ही काय केले? आधी टाकी रिकामी केली. हे कामही जपून करण्याचे आहे.

पुष्कळ जण काय करतात, की टाकीत नळी घालतात, दुसरे टोक तोंडात धरतात आणि ओढतात. पेट्रोल आले की नळी डब्यात सोडतात. घोटभर पेट्रोल तोंडात गेले तर थुंकून टाकतात आणि हसतात. हे हसण्यासारखे नाही. पेट्रोल पाण्यासारखे पातळ. घशात गेले की ठसका लागतो, आणि ठसक्याबरोबर ते फुप्फुसात उतरते. थोडेसे उतरले तरी फुप्फुसाला सूज येते, श्वास अडतो, आणि माणूस दगावू शकतो. कुणी पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल गिळले तर त्याला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना ते पुन्हा फुप्फुसात जाते. तडक दवाखान्यात न्या. लहान मुलांच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

जीपच्या टाकीला तळाशी बूच असते. बूच सोडले की पेट्रोल आपोआप खाली येते, ओढावे लागत नाही. फटफटीला कॉक असतो, त्याची नळी काढली की काम होते. जिथे असे काहीच नाही, तिथे हाताने दाबायचा पंप बाजारात मिळतो. तो आणावा.

बूच सोडण्याआधी बॅटरीची तार काढावी. बॅटरीला दोन तारा असतात. त्यांतली जी गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते, ती आधी काढायची. हे पेट्रोल बाहेर येण्याच्या आधी करायचे, कारण तार काढताना ठिणगी उडू शकते. पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घ्यायचे. डबा जमिनीवर टेकलेला असावा. प्लॅस्टिकच्या बादलीत पेट्रोल धरू नका. पेट्रोल वाहताना घासून वीज साचते, आणि प्लॅस्टिकवरून ती जमिनीत उतरत नाही. थंडीत लोकरीचा कपडा काढताना चटचट आवाज येतो ना? तीच वीज.

आणि आता चुलीची गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती धुरासारखी वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उतार शोधते, खड्ड्यात साठते. अंगणात टाकी रिकामी करता आहात, आणि उताराच्या अंगाला दहा-पंधरा पावलांवर चूल पेटलेली आहे, तर वाफ सरपटत चुलीपर्यंत जाते. तिथे पेटते आणि पेटत पेटत टाकीपर्यंत परत येते. डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून घरच्या बाईला आधी विचारायचे, "चूल पेटलीय का?" पेटलेली असेल तर भाकऱ्या होऊ द्या. टाकीचे काम नंतर करा. घरात गॅसची शेगडी असली तरी तेच.

आग लागलीच तर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते, आणि पाण्याबरोबर जळत जळत घरभर पसरते. माती टाका. वाळू टाका. ओले पोते टाका. काम सुरू करण्याआधीच दोन घमेली माती शेजारी भरून ठेवा.

टाकी रिकामी झाली. आम्ही पट्टे सोडून ती गाडीतून बाहेर काढली. पट्टे काढल्यावर खाली तांबडा गंज दिसला, पण पत्रा शाबूत होता. नखाने, मग पेचकसाच्या टोकाने जागोजाग टोचून बघितले. हे जरूर करा. टोक सहज आत गेले, किंवा पापुद्रे निघाले, तर त्या टाकीवर खर्च करू नका. एक भोक असेल तर बुजवावे. चार-पाच असतील तर पत्रा संपला. आज एक बुजवाल, महिन्याने शेजारी दुसरे पडेल. नवी टाकी घ्यावी, किंवा चांगली जुनी बघून घ्यावी. पैशाच्या ओढीने चाळणीला ठिगळे लावू नयेत.

आमची टाकी चांगली होती. तिला डाख लावायचे ठरले.

डाख तुम्हाला माहीत आहे. कथील आणि शिसे यांचा मिश्र धातू. घागरीला, पातेल्याला, पत्र्याच्या डब्याला जुने कारागीर तोच लावत. वेल्डिंगमध्ये लोखंड वितळवावे लागते, त्याला पंधराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. तांब्याचे टोक लांब भट्टीवर तापवून आणता येते. टाकीजवळ ज्योत न्यावी लागत नाही, ठिणगी उडत नाही. पूर्वीच्या पुष्कळ टाक्यांच्या पत्र्याला कथील-शिशाचाच मुलामा असे, म्हणून डाख त्यांना छान धरतो.

पण डाख लावायचा म्हणून सावधपणा सोडून चालत नाही. आम्ही टाकी रेडिएटरचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेली. नेताना तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले, "आत पेट्रोल होते." टाकी दुकानात ठेवली, आपण चहाला गेलो, आणि दुसऱ्याच कुणी ती उचलून वेल्डिंगला घेतली, असे होऊ शकते. लिहिलेले असले की माणूस थांबतो. तीन शब्द लिहायचे आहेत. तुम्ही आता लिहू शकता.

त्या कारागिराने घाई केली नाही. आधी ऊन पाणी आणि कपडे धुण्याची पूड घालून टाकी तीनदा खळखळून धुतली. दर वेळी पाणी पुरते ओतून दिले. ते पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडले नाही, वेगळे धरून ठेवले. विहिरीजवळ किंवा गुरांच्या पाण्याजवळ असे पाणी कधी ओतू नका. पेट्रोलची घाण विहिरीत उतरली, तर ते पाणी पुष्कळ दिवस पिता येत नाही. मग त्याने एका बंद भांड्यात पाणी उकळले आणि त्याची वाफ नळीने टाकीत सोडली. अर्धा-पाऊण तास सोडली. टाकीची सगळी तोंडे उघडी होती. सांध्यात, गंजात दडलेले पेट्रोल वाफेबरोबर बाहेर येत होते. आम्ही लांब उभे होतो. भट्टी तर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होती.

एवढ्यावरही त्याचे समाधान नव्हते. टाकी गार झाल्यावर त्याने ती कोपऱ्यावर उभी केली. भोक वर येईल अशी. आणि भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाण्याने भरली. म्हणजे आत वाफ साचायला जागाच उरली नाही. मग भोकाभोवतीचा रंग आणि गंज कानशीने घासून पत्रा चकचकीत केला, त्याला डाखाचे पाणी लावले, आणि तापलेल्या तांब्याने डाख पसरला. प्रत्यक्ष डाख लावायला पाच मिनिटेही लागली नसतील. त्याआधी तीन तास गेले. त्याने मजुरी घेतली ती त्या तीन तासांची, आणि ती आम्ही आनंदाने दिली. डाखात शिसे असते, म्हणून जेवणाआधी त्याने साबणाने हात धुतले, तेही आम्ही बघितले.

कुणी सांगतात, की टाकीत चालू गाडीचा धूर सोडला की वेल्डिंग करता येते. कुणी सांगतात, चार दिवस उन्हात ठेवली की पुरे. या दोन्हींवर विसंबू नका. असा कारागीर जवळ नसेल तर टाकी तशीच ठेवा, आणि पुढे जे उष्णतेशिवायचे उपाय सांगतो, ते करा.

रस्त्यात टाकी गळू लागली आणि भोक सुईएवढे असेल, तर कपडे धुण्याच्या साबणाची कोरडी वडी भोकावर जोराने घासा. साबण भोकात बसतो. पेट्रोलात तो पाण्यासारखा विरघळत नाही. घरी पोचेपर्यंत गळती थांबते. पाऊस असेल तर मात्र साबण बाहेरून धुऊन जातो. आणि ही एका प्रवासाची सोय आहे, महिन्याची नाही.

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा आपल्याकडचा सर्वांत आवडता उपाय, आणि सर्वांत वाईट. पाण्याच्या नळीला ती चालते. पेट्रोल लागले की ते रबर फुगते, चिकट होते, आणि त्याचा गाळ पुढे जाऊन बसतो. नळी चिरली असेल तर पेट्रोलची म्हणून मिळते तीच नळी आणून बदलावी. इथेनॉलचे पेट्रोल चालते ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. बुचाशी गळत असेल तर बहुधा वायसर गेलेला असतो. तांब्याचा किंवा फायबरचा नवा वायसर चार पैशांत मिळतो. बूच मात्र जीव खाऊन आवळू नका. आटे गेले की मोठे काम निघते.

टाकीच्या पत्र्याला लहान भोक असेल तर एमसीलसारखे दोन भागांचे लुकण लावता येते. टाकी रिकामी करायची. भोकाभोवती दोन बोटे रुंद जागा पॉलिश पेपरने घासायची, रंग आणि गंज राहू द्यायचा नाही. जागा पूर्ण कोरडी हवी. लुकणाचे दोन्ही भाग एकच रंग दिसेपर्यंत मळायचे, भोकात दाबायचे, आणि एक रात्र हात लावायचा नाही. ओल्या पत्र्यावर लावले तर दुसऱ्या दिवशी सालपटासारखे निघते. पुडक्यावर ते पेट्रोलाला टिकते की नाही हे छापलेले असते. विकत घेण्याआधी ते वाचा. काही लुकणे नुसत्या पाण्यासाठी असतात.

टाकी परत बसवण्याआधी आम्ही खालची परात साफ केली, बुजलेली भोके तारेने मोकळी केली, गंज घासून रंग दिला. टाकी आतून दोन दिवस उन्हात कोरडी होऊ दिली. मग ती बसवून पट्टे आवळले आणि फक्त दोन लिटर पेट्रोल घातले. खाली वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद पसरला आणि तासभर थांबलो. कागद कोरडा होता. मग आणखी दहा लिटर घातले. डाखाच्या सांध्यावरून बोट फिरवले, बोटाचा वास घेतला, काही नाही. गाडी हलवून, ढकलून पुन्हा बघितले. मग उरलेले पेट्रोल भरले, झाकण लावले, सांडलेले पुसले. पुसायचे फडके घरात न ठेवता बाहेर उन्हात, विस्तवापासून लांब वाळत टाकले. वास पुरता गेल्यावर बॅटरीची तार जोडली. ती सगळ्यांत शेवटी जोडायची.